मौन कुणाचं, मूक कोण?

न बोलण्यासाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितके बोलण्यासाठी तरी असतील का, अशी मला कधीकधी शंका येते. आपण गप्प बसतो, चूप राहतो, चिडीचूप होतो. मुकाट्याने ऐकतो, मूग गिळतो, ब्र काढत नाही. लहान मुलं अळीमिळी गुपचिळी करतात. शाळेत हाताची घडी, तोंडावर बोट. रस्ता असेल तर तिथे सामसूम असते, दुपार असेल तर ती निवांत असते. ‘गप्प’ या शब्दाला एक काना जोडला की त्याच्या ‘गप्पा’ होतात, ही तर आपल्या भाषेची खास गंमत.

या सगळ्या गर्दीत ‘मौन’ हा शब्द मात्र जरा बाजूला, सोवळ्यात बसल्यासारखा दिसतो. गप्प कुणीही बसतं, मौन ‘धारण’ करावं लागतं. शेजारच्या काकू गप्प झाल्या तर काहीतरी बिनसलं असं आपण समजतो. एखादा मंत्री गप्प झाला, की वर्तमानपत्रात ‘मौन बाळगले’ असं छापून येतं. म्हणजे शब्दालाही पत आहे. ही पत त्याला कुठून मिळाली आणि तिचा उपयोग कुणी कसा केला, हे मला आज सांगायचं आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहिलं तर ‘मौन’ या शब्दात बोलण्या-न-बोलण्याचा काही संबंधच नाही. मुनीचा जो भाव ते मौन. गुरूपासून गौरव, लघूपासून लाघव, तसं मुनीपासून मौन. आता मुनी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दाढीवाला, डोळे मिटून बसलेला शांत म्हातारा येतो. पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक सूक्त आहे, 136वं, त्यातले मुनी अजिबात तसे नाहीत. ते लांब केसांचे आहेत, मळकट पिवळी वस्त्रं नेसणारे आहेत, वाऱ्यावर स्वार होणारे आहेत. तिथे ‘मौनेय’ असा शब्द येतो, आणि त्या मौनेयामुळे आपण उन्मत्त झालो आहोत असं ते मुनी सांगतात. मौनाच्या घराण्यातला हा सगळ्यांत जुना शब्द, आणि त्याचा अर्थ शांतता नाही, एक प्रकारची धुंदी आहे.

नुसतं तोंड बंद ठेवण्यासाठी संस्कृतात वेगळे शब्द होते. ‘तूष्णीम्’ म्हणजे गुपचूप. ‘वाग्यत’ किंवा ‘वाचंयम’ म्हणजे वाणी आवरलेला. श्राद्धाच्या वेळी ब्राह्मणांनी जेवायचं ते वाग्यत होऊन, असं मनुस्मृती सांगते. आपल्याकडे जुन्या घरांतून पुरुषमाणसं न बोलता जेवत आणि तूप हवं असेल तर हाताने खूण करत, त्यामागे हीच समजूत होती. (वाढणाऱ्या बाईला मात्र सगळ्या खुणा पाठ असाव्या लागत.) बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य कहोलाला सांगतो की पांडित्य ओलांडून बालभाव, तो ओलांडून मुनिपण, आणि शेवटी मौन आणि अमौन दोन्ही ओलांडावं. इथेही मौन म्हणजे मननाची अवस्था आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराचं, वाणीचं आणि मनाचं अशी तीन तपं सांगितली आहेत. मौन कोणत्या यादीत असेल असं तुम्हाला वाटतं? बहुतेक जण वाणीच्या म्हणतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारत आलो, उत्तर हेच येतं. गीतेने मात्र ते मनाच्या तपात घातलं आहे.

मग हा शब्द जिभेवर कधी उतरला? अमुक सालापासून असं बोट ठेवून सांगता येणार नाही, पण भांडण जुनं आहे हे दिसतं. धम्मपदात एक गाथा आहे. मूढ आणि अडाणी माणूस केवळ मौनामुळे मुनी होत नाही, असा तिचा आशय आहे. अशी तंबी द्यावी लागते त्या अर्थी गप्प बसून मुनी म्हणवून घेणारे लोक तेव्हा बरेच असणार.

बौद्ध विनयग्रंथांतली एक गोष्ट मला फार आवडते. कोसल देशात काही भिक्षू एकत्र वर्षावासाला राहिले. भांडणं नकोत म्हणून त्यांनी ठरवलं की तीन महिने कुणी कुणाशी बोलायचंच नाही. पाणी भरायला मदत हवी तर हाताने खुणावायचं. पावसाळा संपल्यावर ते श्रावस्तीला बुद्धांकडे गेले आणि आम्ही किती गुण्यागोविंदाने राहिलो हे त्यांनी सांगितलं. शाबासकी मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. बुद्धांनी त्यांना झापलं. तुम्ही जनावरांसारखे राहिलात, मेंढरांसारखे राहिलात, असं ते म्हणाले, आणि पुढे असं व्रत घ्यायचं नाही असा नियम केला. त्या व्रताला पाली भाषेत शब्द वापरला आहे तो ‘मूगब्बत’, म्हणजे मूकव्रत. त्याच्या जागी त्यांनी ‘पवारणा’ सुरू केली. वर्षावासाच्या अखेरीला प्रत्येक भिक्षूने संघासमोर बसून विनंती करायची, की माझ्या वागण्यात कुणी काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी नुसती शंका आली असेल, तर सांगा.

याच संघात शांततेला मताची किंमत होती हेही लक्षात ठेवायला हवं. कुणी भोजनाचं निमंत्रण दिलं तर बुद्ध मौनाने स्वीकारत. संघाचा महत्त्वाचा ठराव असला की तो आधी मांडला जाई, मग तीनदा पुकारला जाई. ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावं, ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावं, असं प्रत्येक वेळी स्पष्ट म्हटलं जाई. तिसऱ्या पुकाऱ्यानंतरही कुणी बोललं नाही तरच संघाची संमती गृहीत धरत. मौन म्हणजे संमती हे तत्त्व आपल्याला इथे अगदी नेटक्या रूपात भेटतं. पण त्याच्या अटी पाहा. बसलेले सगळे समान हक्काचे, प्रश्न तीनदा विचारलेला, आणि बोलण्याची मुभा उघडपणे दिलेली.

पुढे हे तत्त्व म्हणीसारखं आपल्या तोंडात बसलं आणि या अटी गळून गेल्या. मौन हे संमतीचं लक्षण, हे संस्कृत वचन ज्याला संस्कृतचा गंध नाही त्यालाही पाठ असतं. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसमोर ती खाली मान घालून बसली, की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हे वचन हसत हसत म्हणे आणि सुपारी फुटे. तिला कुणी तीनदा सोडा, एकदाही विचारलेलं नसे.

खरं म्हणजे आपल्या परंपरेत याच्या उलट सांगणारी वचनंही भरपूर आहेत. मौनापेक्षा सत्य श्रेष्ठ, हे मनुस्मृतीच्या दुसऱ्याच अध्यायात आहे. आठव्या अध्यायात न्यायसभेबद्दल म्हटलं आहे की सभेत एक तर पाऊल टाकू नये, टाकलं तर योग्य तेच बोलावं. जो बोलतच नाही किंवा खोटं बोलतो, तो पापी होतो. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा तिने विचारलेल्या प्रश्नाला थोरामोठ्यांनी धड उत्तर दिलं नाही. तोंड उघडलं ते विकर्णाने, कौरवांपैकीच एकाने, आणि विदुराने. प्रश्न विचारला असता जो सभासद उत्तर देत नाही त्याला काय पाप लागतं, हे विदुर तिथे प्रल्हादाची कथा सांगून बजावतो. आपण कीर्तनातून वस्त्रहरण ऐकतो, हा भाग ऐकत नाही. अर्थात याच मनुस्मृतीत मुलींचे जातकर्मापासूनचे संस्कार मंत्रांशिवाय करावेत असंही सांगितलं आहे. मुलाच्या वेळी मंत्र, मुलीच्या वेळी शांतता. ही शांतता कुणी धारण केलेली नव्हती.

व्यवहारी माणसाने मौनाचा तिसराच अर्थ काढला. पंचतंत्रात वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आहे. ते गप्प होतं तोवर लोकांची शेतं मजेत चरत होतं, ओरडलं आणि मार खाऊन मेलं. तिथेच पोपट-मैना बोलतात म्हणून पिंजऱ्यात पडतात, बगळ्याला कुणी पकडत नाही, तेव्हा मौनाने सगळं साधतं, असा हिशेब मांडला आहे. सरकारी कचेरीत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हा बगळा ओळखीचा वाटेल.

महाराष्ट्रात मौनाला प्रतिष्ठा दिली ती मुख्यतः साधकांनी. जुन्या पोथ्यांतून ‘मौन्य’ असंही रूप दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातलं पाटगाव हे शिवकालातल्या मौनी महाराजांचं स्थान. त्यांच्या नावाने त्याच तालुक्यात गारगोटीला जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं. ग्रामीण मुलांना शिकवून बोलतं करणाऱ्या संस्थेला मौनींचं नाव, हे मला नेहमी गमतीचं आणि गोडही वाटत आलं आहे. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरजवळ मेहेराबादला मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी बोलणं थांबवलं, ते 31 जानेवारी 1969ला देह ठेवेपर्यंत. जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं. आधी ते अक्षरांच्या फळीवर बोट फिरवत, 1954मध्ये फळीही सोडली आणि खुणांवर आले. 1955 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचं नाव ‘गॉड स्पीक्स’.

गांधीजींचा सोमवार सर्वांना ठाऊक आहे. रोजच्या भेटीगाठींतून एक दिवस मोकळा मिळावा, लिहिणं-वाचणं व्हावं, हा त्यात सरळ व्यवहार होता. पुढे त्याला व्रताचं रूप आलं. 2 जून 1947 हा सोमवार होता. त्या दिवशी माउंटबॅटननी दिल्लीत पुढाऱ्यांसमोर फाळणीची योजना ठेवली आणि नंतर गांधीजी त्यांना भेटायला आले. ते काय बोलतील याची व्हाइसरॉयना धास्ती होती. गांधीजींनी ओठांवर बोट ठेवलं. मग जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून दिलं, की तातडीच्या कामासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांशी बोलणं आणि आजाऱ्याची शुश्रूषा, एवढे दोन अपवाद मी या व्रताला ठेवले आहेत, पण मी आज मौन सोडावं अशी तुमची इच्छा नसणार. माउंटबॅटन सुटकेचा नि:श्वास टाकून मोकळे झाले. त्या मौनाला कुणी संमती म्हणालं नाही. गांधीजी फाळणीच्या विरोधात आहेत हे साऱ्या जगाला माहीत होतं, त्यांनी ते शेकडो वेळा बोलून दाखवलं होतं. ज्याचा आवाज आधी ऐकलेला असतो त्याच्याच मौनाचा अर्थ लोक नीट लावतात.

ज्याचा आवाज कुणी ऐकलेलाच नाही, त्याच्यासाठी भाषेत दुसरा शब्द आहे. 31 जानेवारी 1920 रोजी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक काढलं, राजर्षी शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले. नाव ठेवलं ‘मूकनायक’. ते तुकोबांच्या एका अभंगावरून घेतलं होतं आणि तो अभंग अंकाच्या माथ्यावर छापला जाई. या नावातला ‘मूक’ हा शब्द बाबासाहेबांनी किती नेमका उचलला ते पाहण्यासारखं आहे. ‘मौननायक’ असं नाव कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मौन धरणाऱ्याला बोलता येत असतं आणि बोलण्याचा हक्कही असतो, तो ते बाजूला ठेवतो. मूक समाजाला बाजूला ठेवायला काही दिलेलंच नव्हतं. पाणवठ्यावर, देवळात, गावच्या चावडीवर तो गप्प होता म्हणून त्याला हे सारं मान्य होतं, असं म्हणणारे त्या काळी कमी नव्हते.

रोजच्या भाषेत आपण हा फरक पाळतोच असं नाही. पहिल्या महायुद्धाच्या स्मरणार्थ 11 नोव्हेंबर 1919ला ब्रिटिश साम्राज्यात दोन मिनिटांची शांतता पाळली गेली, तेव्हापासूनची प्रथा आपल्या शोकसभांत आली. तिला आपण कधी ‘मौन’ म्हणतो, कधी ‘स्तब्धता’. 30 जानेवारीला सकाळी अकरा वाजता देशभर तेच पाळतात. मोर्चा मात्र मूकच असतो. 9 ऑगस्ट 2016 रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत निघालेला मराठा क्रांती मूक मोर्चा आणि त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेले मोर्चे आपण पाहिले आहेत. लाखो माणसं घोषणांशिवाय चालत होती, निवेदनं तरुण मुली देत होत्या. तिथे न बोलणं ठरवून केलेलं होतं, तरी शब्द ‘मूक’ निवडला गेला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा प्रपंच मांडला तिच्याकडे येतो. 1978 हे साल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी न बोलण्याबद्दल दोन निकाल दिले. एप्रिलमध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल लिहिला. पोलिसांनी दिलेल्या लेखी प्रश्नावलीला उत्तरं द्यायला सत्पथींनी नकार दिला होता. घटनेच्या कलम 20 (3) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि हे संरक्षण केवळ कोर्टात नाही तर पोलीस चौकशीतही आहे, असं न्यायालयाने सांगितलं. गप्प राहण्याचा हक्क म्हणून वकील मंडळी आजही या निकालाचा दाखला देतात.

दुसरा निकाल 15 सप्टेंबरचा. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात 26 मार्च 1972च्या रात्री एका आदिवासी, मोलमजुरी करणाऱ्या, पोरक्या मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती. आरोपी दोन पोलीस. ठाण्यात रात्रीची वेळ, नातेवाईक बाहेर उभे. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 साली त्यांना शिक्षा दिली, आणि ती देताना हतबल होऊन शरण जाणं आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं साध्या शब्दांत सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिने प्रतिकार केला ही गोष्ट खोटी, आणि घडलं ते ‘शांतपणे’ घडलं, असं निकालपत्रात आहे. मूळ इंग्रजी विशेषण शांततेचंच आहे.

मी तो निकाल अनेकदा वाचला आहे. प्रत्येक वेळी त्या एका विशेषणापाशी थांबतो. रात्री पोलीस ठाण्यात, दिवे मालवलेले, समोर वर्दीतला माणूस, आणि ती पोर किती आवाज करू शकली असती याचा विचार त्या शब्दात कुठेच नाही. काही महिन्यांपूर्वीच याच न्यायालयाने पोलिसांपुढच्या गप्प राहण्याला हक्क म्हटलं होतं. तिथे गप्प राहणारी व्यक्ती एका राज्याची माजी मुख्यमंत्री होती.

सप्टेंबर 1979मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती यांतला फरक न्यायालयाला दिसू नये याबद्दल त्यांनी जाब विचारला. पुढच्या वर्षी, 1980 साली, शहराशहरांतून बायका रस्त्यावर आल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. 1983ला कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असं स्त्रीने कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असंच धरून चालावं, अशी तरतूद आली. तिचं बोलणं प्रथमच पुराव्याच्या पारड्यात असं ठेवलं गेलं.

मराठी रंगभूमीने हे आधीच दाखवलं होतं. 1967 साली रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात ‘शांतता’ ही ललकारी नाटकभर होत राहते आणि ती बेणारेबाईंच्या तोंडावर आदळत राहते. शेवटी त्यांना आपलं म्हणणं मांडायला दहा सेकंद मिळतात. प्रेक्षकांना त्यांचं मोठं स्वगत ऐकू येतं, पण रंगमंचावरचं कोर्ट गोठलेलं असतं. कोर्टाच्या लेखी दहा सेकंद संपले आणि आरोपीला काही म्हणायचं नाही.

कायद्यालाही उरलेली वाट चालायला आणखी तीस वर्षं लागली. डिसेंबर 2012च्या दिल्लीच्या घटनेनंतर, 2013च्या दुरुस्तीत, संमतीची व्याख्या कलम 375मध्ये आली. शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य कोणत्याही खुणेने स्त्रीने स्वतःहून आणि नि:संदिग्धपणे कळवलेली तयारी, ती संमती. त्याखालीच एक परंतुक आहे, की अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही. 1 जुलै 2024पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि हे कलम आता 63 क्रमांकाचं झालं. व्याख्या तीच राहिली आहे. तिच्यात शब्द आहेत, हावभाव आहेत, खुणा आहेत. मौन हा शब्द त्यात नाही.